खारभूमीचं खातं

माझे यजमान मंत्री झाले तेव्हा पहिले काही दिवस ते कशाचेच मंत्री नव्हते. शपथविधी झाला होता, तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला होता, हिंगोलीत गुलालही उधळून झाला होता. पण खातेवाटप अडलं होतं. मुंबईत बैठकांवर बैठका चालल्या होत्या आणि इकडे आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस ह्यांना आपल्या मनानं एकेक खातं देऊन जात होता.

सिद्धेश्वर धरणावर मासेमारी करणारे आले, ते मत्स्यव्यवसाय धरून बसले होते. कळमनुरीकडचे शेतकरी जलसंपदेशिवाय दुसरं बोलत नव्हते. हळदीचा व्यापार करणारे एक चाचा, ज्यांच्या घराशी आमच्या सासऱ्यांच्या काळापासून जाणं-येणं, मला म्हणाले, "पणन मिळालं तर बराबर होईल बघा, भाभी. हळदीचं सगळं त्याच्यातच येतं." नात्यातल्या एका आजोबांना गृह खातंच हवं होतं, कारण त्यांच्या बांधाचं भांडण पोलीस ठाण्यात पडून होतं.

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. त्या दिवसांतही शिकवत होते. फरक एवढाच पडला की फाटकाशी एक पोलीस बसायला लागला, आणि शाळेत मला 'मंत्रीणबाई' म्हणू लागले. मुख्याध्यापिकांनी मधल्या सुट्टीतल्या खिचडीच्या देखरेखीतून माझं नाव आपण होऊन काढलं. मी ते परत घालून घेतलं. घरी नारळांची रास लागली होती. खोबऱ्याची चटणी, खोबऱ्याच्या वड्या, खोबरं घातलेली आमटी, असं सगळं करून झालं, तरी रास संपेना. शेवटी फाटकावरचा पोलीस ड्यूटी संपली की रोज नारळ घेऊन घरी जायला लागला.

ज्या संध्याकाळी खातं ठरलं, तेव्हा मी भाकरी टाकत होते. ह्यांचाच फोन आला.

"खारभूमी," हे म्हणाले.

"काय?"

"खारभूमी विकास. समुद्राकाठची जमीन असती ना, भरतीचं पाणी शिरून खराब होती, ती."

"आपल्याकडं समुद्र कुठाय?"

"तेच तर," हे म्हणाले. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात एका मुलीनं अगदी गंभीरपणे विचारलं, "बाई, साहेब आता खारी सांभाळणार का?" सगळा वर्ग हसला आणि मलाही हसू आवरलं नाही. ती बिचारी लिंबाच्या झाडावरून पळणाऱ्या खारीच समजली होती. पण गावातल्या मोठ्या माणसांना अर्थ कळूनही त्यांनी तोच विनोद चालवला. चौकात ह्यांना 'खारीवाले' म्हणू लागले. शेजारच्या काकूंनी लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवली आणि सांगावा दिला की मुद्दाम खार जास्त घातलाय. ह्यांनी ते लोणचं आवडीनं खाल्लं, पण चेहरा पडलेलाच होता.

राजकारणात वजनदार खातं आणि हलकं खातं असं म्हणतात. आमचं हलकं निघालं होतं. हे तिसऱ्यांदा निवडून आले होते. जिल्ह्यातल्या पाण्यावर सभागृहात किती तरी वेळा बोलले होते. आपल्याला जलसंपदा नाही तर निदान कृषी तरी मिळेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. लोक निवेदनं घेऊन येतच राहिले. रस्ता द्या, रोहित्र द्या, कालव्याला पाणी सोडा. हे प्रत्येकाला सांगत, "माझ्याकडं ते खातं न्हाई. मी त्या मंत्र्याला बोलतो." माणसं मान डोलवत आणि उठून जात. ती फाटकाबाहेर गेली की हे मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसत. एकदा मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "नुसता आमदार होतो तेव्हा भांडता तरी येत होतं. आता भांडायचीबी सोय न्हाई. सरकार मीच."

मग पावसाळ्याआधी ह्यांचा किनाऱ्याचा पहिला दौरा झाला. हे गेले तेव्हा नाराजच होते. आले ते वेगळे होऊन आले. बूट काढायच्या आधी खिशातून रुमाल काढला. त्यात मातीचं एक ढेकूळ बांधून आणलं होतं.

"जीभ लाव," म्हणाले.

"कशाला?"

"लाव तर."

मी जीभ लावली. मीठ चाटावं तसं लागलं.

जेवताना हे सांगत राहिले. तिकडे खाडीच्या कडेनं मातीचे लांबच लांब बांध असतात. बांध फुटला की भरतीचं पाणी भातात शिरतं आणि ते शेत काही वर्षं काहीच देत नाही. एका गावात सत्कार ठेवला होता. मंडपात सगळे बसले असताना एक विधवा बाई पुढं आली आणि म्हणाली, सत्कार नंतर करा, आधी चला. हे तिच्यामागं गेले. बांध चिखलाचा, म्हणून बूट हातात घेतले.

"तिनं मला साहेब म्हटलं न्हाई," हे म्हणाले. "म्हणे, तुम्ही शेतकरी का हो? मी म्हटलं, व्हय. मग बघा, म्हणे. आन मी बघितलं. तिचं सगळं वावर मिठानं पांढरं झालेलं. बाजूला अधिकारी उभे, ते मला आकडे सांगून राहिले. ती नुसती उभी."

त्या गावचा बांध पाऊस लागायच्या आत बांधून झाला. त्यासाठी हे मुंबईत ठाण मांडून बसले. मला फोनवर रोज बांध कुठवर आला ते सांगायचे, जसं काही आमच्याच शेताचं काम चाललं होतं. आमच्या जिल्ह्यात मात्र त्याची वेगळीच गोष्ट झाली. आपल्या माणसानं आपल्याला सोडून परक्याच्या समुद्राला भिंत बांधली, असं बोललं जाऊ लागलं. माझ्या माहेरच्या एका लग्नात मावशीनंच विचारलं, "काहून गं, तिकडं मतं हायेत का त्याची?"

खात्याच्या नावावर खरोखर विश्वास ठेवून आमच्या घरी आलेली माणसं मी एकदाच पाहिली. दुसऱ्या वर्षाची दिवाळी होऊन गेली होती. औंढा तालुक्यातल्या, कालव्याखालच्या एका गावचे तीन शेतकरी आले. त्यांतला बोलणारा वयानं मोठा होता, बाकीचे दोघे त्याचे भाऊबंद.

"साहेब, तुमच्याकडं खाऱ्या जमिनीचं खातं हाय म्हणं," तो म्हणाला.

"हाय. पण ते समुद्राकाठचं."

"आमचं वावर बी खारं झालंय. समुद्र न्हाई तिथं, पण मीठ हाय."

त्यानं पिशवीतून माती काढून टेबलावर ठेवली. वर पांढरा थर होता. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग ते ढेकूळ उचलून जिभेला लावलं. ते तिघे चकित होऊन पाहत राहिले.

कालवा आला तेव्हा त्या गावात ऊस आला, हळद आली. लोकांनी पाणी सोडत राहायचं, ते जिरत राहायचं. खालच्या अंगाची वावरं हळूहळू चिभड झाली, म्हणजे कायमची पाणथळ. वाफसाच येईना, पेरलेलं कुजायला लागलं, आणि उन्हाळ्यात वर मीठ फुटायला लागलं. ती माणसं सगळ्या कचेऱ्या फिरली होती. पाटबंधारेवाले म्हणत कृषीकडं जा, कृषीवाले म्हणत पाटबंधाऱ्याकडं जा. म्हणून ते आता खारभूमीकडं आले होते.

ह्यांच्या खात्याचा अधिकार किनाऱ्याच्या जिल्ह्यांपुरता होता. हिंगोलीत एक टोपलं माती उचलायची तरतूद त्यात नव्हती. हे त्यांनी त्या तिघांना स्पष्ट सांगितलं. पण त्यांना हात हलवत पाठवलं नाही. खात्यातले एक उपअभियंता होते, हळू आवाजात बोलणारे, किनाऱ्यावरच आयुष्य गेलेले. त्यांची सासुरवाडी नांदेडला. नाताळच्या सुट्टीत ते नांदेडला येणार होते. ह्यांनी त्यांना विचारलं की एक दिवस आमच्याकडं येता का, सरकारी काम म्हणून नाही, माझ्या सांगण्यावरून. ते मुलांसकट आले. मुलं आमच्या अंगणात खेळली आणि हे दोघं त्या गावाला जाऊन आले.

अभियंतासाहेबांनी तिथं खड्डा घेतला, तर गुडघाभर खोलीवरच पाणी लागलं. ते म्हणाले, ह्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही, एवढंच दुखणं आहे. खोल चर खणायचा, तो ओढ्याला नेऊन सोडायचा. मग पावसाचं पाणीच मीठ धुऊन नेईल, एकदोन पावसाळे धीर धरावा लागेल. चर खणायला ते तिघे आणि आसपासचे शेतकरी तयारच होते. अडचण एकच होती. चर ओढ्याला मिळायचा तर तो सगळ्यात खालच्या वावरातून न्यावा लागत होता, आणि त्या वावराचे मालक आमचे जुने विरोधक होते.

त्यांना सगळा भाग मामा म्हणतो. हे पहिल्यांदा उभे राहिले तेव्हापासून मामा दुसऱ्या बाजूनं. प्रत्येक निवडणुकीत त्यांनी स्वतःच्या जीपला भोंगा बांधून आमच्याविरुद्ध प्रचार केलेला. माणूस सरळ, पण जिभेचा तिखट. त्या तिघांनी त्यांना चराचं विचारून पाहिलं होतं, आणि मामांनी सांगितलं होतं, "मंत्र्याला धाडा."

एका रविवारी आम्ही औंढ्याकडं एका लग्नाला गेलो होतो. परत येताना ह्यांनी गाडी त्या गावाकडं वळवायला सांगितली. पुढची पोलिसांची गाडी आधीच मामांच्या वावरापर्यंत पोचली होती. मामा आखाड्यावर, शेतातल्या खोपीपुढं, बाजेवर बसले होते. उठले नाहीत.

"आधी ते पोलीस धुऱ्याच्या पल्याड न्या," ते म्हणाले. "माझा हरभरा तुडवून राहिले."

ह्यांनी हात केला, पोलीस बांधापल्याड सरले. मी मामींजवळ जाऊन बसले. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या, मीही लग्नातल्या साडीवर शेंगा सोलायला घेतल्या. बाज तिथून चार हातांवर होती, सगळं ऐकू येत होतं.

"मामा, चराचं तुमाला माहीत हाय," हे म्हणाले. "तुमच्या वावरातून गेला तरच पाणी निघतं. तुमची जमीन बी थोडी जाईल त्यात."

"माझी चिभड न्हाई झालेली."

"व्हय. वरची झाली. तुमच्यापर्यंत यायला येळ लागंल."

मामांनी ओढ्याकडं नजर टाकली. मामींचे हात थांबले होते.

"जमीन जाईल त्याचं काही न्हाई," मामा म्हणाले. "पण मी सारी हयात तुमच्या विरोधात काढली. माझ्या वावरात तुमच्या नावाची पाटी बघत मला मरायचं न्हाई. फीत कापायची न्हाई, पाटी लावायची न्हाई. भाषणात कुठं ह्या चराचं नाव घ्यायचं न्हाई. आत्ता न्हाई, पुढच्या निवडणुकीत बी न्हाई. मान्य असंल तर उद्या पोकलेन आणा."

हे लगेच म्हणाले, "मान्य."

"बायकोदेखत म्हणून राहिले, ध्यानात ठेवा."

"ती मराठीची बाई हाय, मामा. तिच्यादेखत शब्द फिरवता येत न्हाई."

तेव्हा मामा पहिल्यांदा हसले आणि मामींना चहा ठेवायला सांगितलं.

गाडीत मी ह्यांच्यावर चिडले. गेल्या दोन वर्षांत जिल्ह्यासाठी दाखवण्यासारखं एवढं एकच काम हातात येत होतं, आणि तेही तोंड शिवून करायचं. "व्हय म्हणायच्या आधी जरा इचार तरी करायचा," मी म्हटलं.

"चराचं तोंड त्याच्याच वावरात उघडतं," हे म्हणाले. "दुसरीकडून पाणी जातच न्हाई. काय इचार करू?"

ही गोष्ट लिहिण्याआधी मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "तुमी लिवा, आता काही हरकत न्हाई. पण नाव कोणाचंच टाकू नका." म्हणून टाकलेलं नाही.

चर खणला गेला. वरच्या वावरांच्या मालकांनी उन्हाळाभर राबून तो पुरा केला, अवघड ठिकाणी पोकलेन लावला. अभियंतासाहेब फोनवर उतार सांगत राहिले. मामा रोज धुऱ्यावर येऊन उभे राहत आणि चर वाकडा चालला की शिव्या देत. पहिल्या पावसाळ्यात चरातून पांढुरकं पाणी वाहिलं. त्या वर्षी त्या वावरांत गवताशिवाय काही आलं नाही. पुढच्या वर्षी हरभरा आला. सगळीकडं सारखा नव्हता, मधेमधे टक्कल होतं, पण आला. त्या तिघांतला मोठा माणूस ओल्या हरभऱ्याची पेंढी घेऊन घरी आला. मी फाटकावरच्या पोलिसासकट सगळ्यांना त्या ओल्या दाण्यांचा सोलाणा करून वाढला.

पाच वर्षं खारभूमीचं खातं ह्यांच्याकडंच राहिलं. मंत्रिमंडळाचा विस्तार झाला, फेरबदल झाले, दर वेळी आमच्याकडं चहाचं आधण मोठं व्हायचं, आणि दर वेळी खातं तेच. हे पुढंपुढं त्याबद्दल बोलेनासे झाले. किनाऱ्यावर गेले की आठ-आठ दिवस राहायचे. तिकडच्या बांधांची नावं त्यांना तोंडपाठ झाली होती, आणि इकडे लोक म्हणायचे, मंत्री दिसत नाहीत. दोन्ही खरं होतं.

मग निवडणूक लागली. ह्यांचा एक चुलतभाऊ प्रचाराचं सगळं बघत होता. त्याला चराची गोष्ट माहीत होती. तो म्हणाला, "वहिनी, तुमी तरी सांगा ह्यांना. कालव्याखाली सगळ्या गावांत चिभड जमिनी हायेत. हे एक काम सांगितलं तर ती सगळी गावं आपली." मी ह्यांना सांगितलं. तेव्हा मलाही ते पटत होतं. हे म्हणाले, "मी शब्द देताना तू शेंगा सोलत होतीस." मी चुलतभावाला नाही म्हणून कळवलं.

त्याच गावच्या चौकात सभा झाली. मी बायकांत बसले होते. आदल्या दिवशी विरोधकांची सभा तिथंच झाली होती, आणि त्यांच्या वक्त्यानं विचारलं होतं की मंत्र्यानं पाच वर्षांत ह्या गावासाठी काय केलं ते एक तरी सांगा. ह्यांनी उत्तरादाखल रस्त्यांचं सांगितलं, शाळेच्या खोल्यांचं सांगितलं. ते सगळ्यांनीच केलेलं असतं, लोक शांतपणे ऐकत होते. मधेच त्या तिघांतला मोठा माणूस उभा राहिला.

"साहेब, ते आमच्या वावराचं…"

"बसा, भाऊ," हे माइकवरूनच म्हणाले. "तुमचं बोलणं आपण घरी करू."

तो उभाच राहिला. इकडंतिकडं पाहिलं, आणि मग बसला. मामांची जीप चौकाच्या कडेला उभी होती, भोंगा बंद करून. मामा आत बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जीप भोंगा लावून पुन्हा गावोगाव फिरायला लागली.

हे पडले. फार मतांनी नाही, पण पडले. त्या गावात आम्हाला मतं आधीपेक्षा थोडी जास्त पडली, बाकी कालव्याखाली कमी. चुलतभाऊ महिनाभर आमच्याकडं आला नाही. फाटकावरचा पोलीस गेला. जाताना माझ्या पाया पडला. मला त्या क्षणी सगळ्यात जास्त वाईट वाटलं. त्याच्या मुलीचं दहावीचं वर्ष होतं आणि तो मधूनमधून मला निबंधाचे विषय विचारायचा.

निकालानंतर काही दिवसांनी मामा आले. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. धोतर, टोपी, हातात हळदीच्या बेण्याची पिशवी. ह्यांनी उठून त्यांना खुर्ची दिली.

"मी तुमच्या विरोधातच काम केलं," मामा बसता बसता म्हणाले. "ते सांगायला आलो. मागून कोणी दुसरं सांगू नये."

"मला दिसत होती जीप," हे म्हणाले.

"त्या दिवशी सभेत तुमी त्याला बसवलं, ते बी मी बघितलं."

"शब्द दिला होता."

"व्हय." मामांनी चहा बशीत ओतला, प्यायला, बशी खाली ठेवली. "आमच्या बाजूचा माणूस असता तर बोलला असता," ते म्हणाले. मग विषय बदलून बेण्याचं सांगत बसले, कोणत्या वावरात लावा, किती खोल लावा. हे सगळं मन लावून ऐकत होते. त्यांना हळदीतलं बरंच कळतं, पण मधे बोलले नाहीत.

मामा गेल्यावर मी ह्यांना विचारलं की राग नाही का येत.

"आला होता," हे म्हणाले. "सभेच्या दुसऱ्या दिवशी भोंगा ऐकला तेव्हा लई आला. पण त्यानं चर बुजवला न्हाई ना. बुजवू शकला असता. त्याचंच वावर हाय."

मला ते पूर्ण पटलं असं नाही. आजही कधीकधी वाटतं की दोन वाक्यं बोलून टाकली असती तर काय बिघडलं असतं. ह्यांना मी ते परत विचारलेलं नाही. आता हे बहुतेक शेतावर असतात. कालव्याखालच्या गावांतली माणसं कधीतरी माती घेऊन येतात, मग हे त्यांच्याबरोबर जातात, मोटारसायकलवर मागं बसून. परवा असेच गेले आणि जेवायला आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, मामांकडं जेवलो, वांग्याची भाजी होती. मी झाकून ठेवलेलं ताट काढलं, भाकरी शेजारच्या काकूंच्या गायीला घातली, आणि सहामाहीचे पेपर तपासायला बसले.